तुमची किल्ली काढताना

मुकुंदराव, तुमची किल्ली मी पंधरा दिवस काढली नाही. नियम तुमचाच होता: माणूस गेला, की त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्याची किल्ली यंत्रातून निघाली पाहिजे. बदली असो, निवृत्ती असो, भांडण असो. हा नियम करताना जाण्याचा आणखीही एक प्रकार असतो, हे तुमच्या डोक्यात होतं की नाही, ठाऊक नाही. बहुतेक असणार. तुमच्या डोक्यात सगळंच असायचं, फक्त डबा कुठे ठेवलाय तेवढं नसायचं.

हे वाचनालयाच्या अंकासाठी लिहितेय, तेव्हा बाकीच्यांनाही समजेल असं बोलायला हवं. तर मंडळी, ही किल्ली कुलपाची नव्हे. इंदुरात बडा गणपतीजवळच्या आपल्या वाचनालयात, जुन्या मासिकांच्या कपाटामागे एक संगणक आहे. पुस्तकांची सगळी सूची त्याच्या पोटात. मुकुंदराव त्यांच्या घरून आणि मी माझ्या घरून त्यात शिरून देखभाल करत होतो. शिरायला पासवर्ड नाही. प्रत्येकाची एक किल्ली, म्हणजे अक्षर-आकड्यांची एक लांबच लांब ओळ. यंत्रातल्या यादीत तुमची ओळ असली तर आत या, नसली तर बाहेर बसा. यादीत दोनच ओळी होत्या. एक त्यांची, एक माझी.

नात म्हणाली, "आजी, एक लाइन तो डिलीट करनी है. इतका काय विचार करून राहिलीस?"

तिला म्हटलं, तू आपली कॉलेजात जा.

तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. शांत, सालस, कधी आवाज चढवला नाही वगैरे. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मनात आलं, या लोकांना हा माणूस चावायचा किती, हे माहीतच नाही. दातांनी नव्हे, वाचण्याने. युनिक्सवर, म्हणजे आपल्या यंत्रांच्या मूळ प्रणालीवर, एखादं सॉफ्टवेअर चढवायचं, तर आधी त्याच्याबरोबर आलेली सूचनांची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. तीही मोठ्याने. समोरच्याला इच्छा असो वा नसो.

आणि समोर कोण? तर मी. तेव्हाची मी. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन. चाळिशी उलटलेली, बॉबकट, गळ्यात चष्म्याची साखळी, स्कूटर थेट दाराशी लावणार, आणि चालणं असं की संस्थेसमोरचं सगळं पलासिया हिच्यासाठी थांबलंय. आपल्या प्रशिक्षण संस्थेत युनिक्स येणारी मी एकटी बाई, म्हणून माझा समज असा, की युनिक्स मला घाबरतं. सूचना वाचणं हे ज्यांना येत नाही त्यांचं काम, असं मी चारचौघांत म्हणत असे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढची ओळ वाचायचात.

एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात कुलूपबंद वाटेने शिरायची सोय, आणायचं तुम्हीच काढलंत. तोवर आपण टेलनेटने दूरच्या यंत्रात शिरत होतो. संचालकांनी विचारलं, यात खराबी काय? तुम्ही म्हणालात, "सर, हे म्हणजे चौकाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यातल्या माणसाला पासवर्ड ओरडून सांगणं आहे. तो ऐकतो, आणि मधले सगळेही ऐकतात." संचालक खिडकीतून पलासियाच्या गर्दीकडे बघून म्हणाले, "अरे बाप रे." परवानगी मिळाली.

तेव्हा ते आयतं मिळत नव्हतं. मूळ प्रोग्राम उतरवून घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर आपणच तो बांधायचा. आधी दाब देऊन माहिती लहान करणारं एक जोडकाम, मग कुलपांचं गणित करणारं दुसरं, आणि ती दोन्ही नीट बसली तर मग खरं एसएसएच. कॉन्फिगर म्हटलं की यंत्र स्वतःलाच तपासत बसतं: हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. पडद्यावरून शेकडो ओळी जातात. मी तेवढ्यात चहाला निघायची.

"कुठे चाललात सुनंदाबाई?"

"चहाला. ते होईल आपोआप."

"यंत्र प्रश्न विचारून राहिलंय हो. निदान उत्तरं तर ऐका."

"तुम्ही ऐका. मला पाहिजे ते उत्तर शेवटी मिळतंच."

"शेवटपर्यंत थांबलात तर मिळेल ना."

मी चहा पिऊन, सेव खाऊन, कुणाची तरी उणीदुणी काढून परत यायची. तुम्ही तिथेच. हातात वही, वहीत यंत्राची सगळी 'नाही' उतरवून घेतलेली. पलासियाच्या यंत्रावर ते पहिल्याच दिवशी चाललं. मला वाटलं, मी चालवलं.

आता देपालपूर. मुकुंदराव, इथवर मी हसवत आले, कारण पुढचं सांगायचं नव्हतं.

देपालपूरला संस्थेचं केंद्र होतं. एक खोली, एक कारकून, एक युनिक्स यंत्र. ते आपण पलासियातून टेलनेटने सांभाळायचो. तिथेही एसएसएच चढवायचं ठरलं. तुम्ही कागदावर यादी केलीत, कुणी काय करायचं ते. बांधणी आणि चढवणी: सुनंदाबाई. त्याच्यासाठी लागणारा वेगळा यूजर (यंत्रातलं खातं) बनवणे: मुकुंद. नवीन चालू झाल्याची खात्री झाल्यावर टेलनेट बंद करणे: मुकुंद. त्या दिवशी गुडघा दाखवायला तुम्ही अर्धी रजा घेतलीत आणि जाताना म्हणालात, "माझी कामं मी उद्या करतो. तोवर टेलनेटला हात लावू नका."

"नाही लावत हो. जा तुम्ही."

दुपारी संचालक आले. म्हणाले, चार वाजता भोपाळहून पाहुणे येतायत, त्यांना दाखवायचंय की आपली सगळी केंद्रं आता सुरक्षित आहेत. सगळी. मी म्हणू शकले असते, देपालपूर उद्या. पण ती बॉबकटवाली बाई असं कसं म्हणेल? ती म्हणाली, "हो जाएगा सर."

देपालपूरच्या यंत्रात टेलनेटने शिरले. बांधणी सकाळीच झाली होती. चढवलं. पडद्यावर शेवटी काही ओळी आल्या, त्या पाहिल्या, वाचल्या नाहीत. मग टेलनेट बंद केलं. आता गंमत अशी, की टेलनेट बंद केलं तरी ज्या खिडकीत तुम्ही आधीच आत बसलेले असता ती खिडकी चालू राहते. बाहेरचं दार लागलं तरी घरात असलेला माणूस घरातच असतो, तसं. तिथून काहीही दुरुस्त करता येतं. ती खिडकी मी ऐटीत बंद केली. मग एसएसएचने हाक मारली.

जोडणी नाकारली.

पुन्हा मारली. पुन्हा नाकारली. त्या वेगळ्या यूजरशिवाय ते सुरूच होत नाही, हे सूचनांच्या फाइलीत लिहिलेलं होतं आणि त्या न वाचलेल्या ओळींतही असणार. पलासियाच्या यंत्रावर तो यूजर तुम्ही न बोलता बनवून ठेवला होता, म्हणून तिथे चाललं होतं. आता देपालपूरला ना टेलनेट, ना एसएसएच. चाळीस किलोमीटरवरच्या बंद घराच्या किल्ल्या मी आत ठेवून दार ओढून घेतलं होतं. आणि त्याच संध्याकाळपर्यंत त्या केंद्रातल्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म जायचे होते, ते सगळे त्याच यंत्रात.

तुम्ही क्लिनिकमधून परत आलात, गुडघ्याला पट्टा बांधून. तेवढ्यात संचालकांचा निरोप आला, दोघांनाही.

"मैडम, ये देपालपुर काहे बंद पड़ा है?"

मी खोटं बोलले नाही. ही माझी वीस-बावीस वर्षांची सबब आहे, म्हणून नीट मांडते. मी खोटं बोलले नाही. मी फक्त तुमचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. यूजर बनवणे: मुकुंद. टेलनेट बंद करणे: मुकुंद.

"भिया, ये दोनों काम आपके थे?"

तुम्ही कागदाकडे पाहिलंत. माझ्याकडे नाही. मग म्हणालात, "हाँ सर. नाम तो मेरा ही है."

"तो टेलनेट पहले बंद कर दिया और यूजर बनाया नहीं?"

"ऐसा ही हुआ लगता है."

कारकुनाला फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण त्यासाठी त्याला यंत्राचा मुख्य पासवर्ड सांगावा लागला असता. तुम्ही म्हणालात, "फोनवर पासवर्ड सांगायचा, तर मग हे सगळं केलं कशाला?" आणि निघालात. गव्हाचा हंगाम, ऊन डोक्यावर, मंडीकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, आणि त्या वेळच्या बसेस. मी खिडकीतून तुम्हाला रिक्षा थांबवताना पाहिलं. पट्टा बांधलेला पाय तुम्ही आधी आत ठेवलात आणि मग स्वतः बसलात. चार वाजता पाहुण्यांना मी पलासियाचं यंत्र दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मी घेतल्या.

संध्याकाळी तुम्ही परत आलात. माठातलं पाणी दोन पेले प्यायलात.

"झालं," म्हणालात. "यूजर नव्हता. बनवला. चालू आहे."

"बस कशी होती?" हे मला विचारायचं होतं. मी विचारलं, "फॉर्म?"

"गेले."

मग तुम्ही डबा शोधत खोलीभर फिरलात. डबा तुमच्याच पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुमच्या अक्षरात एक ओळ: नव्या खिडकीतून आत जाता आल्याशिवाय जुनी बंद करू नये. सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याने स्वतःसाठी लिहिलीय. ती ओळ कुणी पुसली नाही. सहा महिन्यांनी सिस्टिम विभागाचं प्रमुखपद आलं. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी सीनियर. संचालक म्हणाले, "मुकुंदजी अच्छे हैं, पर भूल जाते हैं." प्रमुख मी झाले. तुम्ही पेढे खाल्लेत, आणि निवृत्त होईपर्यंत चारचौघांत मला मॅडम म्हणत राहिलात. एकट्यात सुनंदाबाई.

मला एकच गोष्ट कधी कळली नाही. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही खरोखर विसराळू. रजेवर निघण्याच्या घाईत आपणच टेलनेट बंद करून ठेवलं असेल, असं तुम्हाला वाटलं असणं सहज शक्य होतं. आपण दोघं एकाच मुख्य नावाने शिरायचो, त्यामुळे कुणी काय केलं हे यंत्रही सांगणार नव्हतं. 'ऐसा ही हुआ लगता है.' या 'लगता है'वर मी वीस-बावीस वर्षं काढली. त्यांना स्वतःचीच चूक वाटली असेल तर सांगून उगाच दुखवायचं कशाला, असा थोर विचार. खरं कारण, प्रमुखाची खुर्ची फिरती होती आणि खिडकीशी होती.

आणि जेव्हा जेव्हा तो दिवस आठवे, तेव्हा तुम्ही मला बसमध्ये उभे दिसायचात. गर्दीत, वरच्या दांड्याला धरून, पट्टा बांधलेला पाय जरा उचललेला. इंदूर ते देपालपूर. हे चित्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीच काढलेलं होतं, आणि दरवर्षी त्यात आणखी दोन माणसं चढायची.

निवृत्तीनंतर वाचनालयाने ते यंत्र आपल्या दोघांकडे सोपवलं, तेव्हा भांडण पुन्हा सुरू झालं. रविवारी सकाळी चहा आणि वाद. मी म्हणायची, नवीन यंत्र घ्या, आता सगळं तयार मिळतं. तुम्ही म्हणायचात, हे चालतंय ना? जुनं असल्यामुळे त्याला तयार काही मिळायचं नाही, एसएसएचची प्रत्येक नवी आवृत्ती आपणच बांधायची. तेच तुम्हाला हवं होतं. मी वाचत नाही आणि तुम्ही वाचायचं थांबवत नाही, हा वाद आपण एकदाही संपवला नाही.

चार वर्षांपूर्वी जुन्या किल्ल्या बदलायच्या ठरल्या. मी सुटसुटीत करा म्हटलं. तुम्ही सगळ्यात लांब प्रकारची केलीत आणि मलाही करायला लावलीत. "ओळ लांब असली की धीर येतो." तुमची किल्ली तुम्ही मेलने फाइल जोडून पाठवलीत. मी ती न उघडता थेट यादीत जोडून टाकली. एक आज्ञा, काम संपलं. त्यानंतर तुमचं एक नवीन सुरू झालं.

"सुनंदाबाई, किल्ल्यांची यादी कधी बघितलीत का?"

"दोन तर किल्ल्या आहेत. काय बघायचं?"

"नाही, कधीतरी नीट बघून घ्या."

महिन्या-दोन महिन्यांनी हेच. मी घरी सांगायची, मुकुंदरावांचं वय व्हायला लागलं.

शेवटची भेट पलासियाच्या क्लिनिकमध्ये. नळ्या लावलेल्या, आवाज बारीक. म्हणालात, "नवीन आवृत्ती चढवायची राहिलीय. तेव्हा यादी बघून घ्या."

"बघते. तुम्ही औषधं बघा."

त्या दिवशी मी सांगणार होते. मनाशी वाक्यही जुळवलं होतं: मुकुंदराव, देपालपूरचं ते, ते मीच. तेवढ्यात कुमुदताई मोसंबीचा रस घेऊन आल्या. नवऱ्यासमोर बायकोला हे ऐकवायचं कसं? मी रसाचं कौतुक केलं. मोसंबी कुठून आणली तेही विचारलं. चांगली पाच मिनिटं आम्ही दोघी मोसंबीवर बोललो, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मग मी निघाले. अठ्ठावीस पायऱ्या उतरले, मोजल्या, कारण दुसरा कसलाच विचार करायचा नव्हता.

काल दुपारी बसले. नवीन आवृत्ती उतरवली आणि सूचनांची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मोठ्याने. घरात कुणी नव्हतं, म्हणून जमलं. लांब आहे, पण वाईट लिहिलेली नाही. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. कॉन्फिगर म्हटलं आणि बसून राहिले. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. एका 'नाही'ला थांबले, वहीत लिहिलं, ते जोडकाम आधी बसवलं, पुन्हा सुरुवात केली. चहा टेबलावर निवला. बांधून झालं, चढवून झालं. जुनी खिडकी उघडीच ठेवली. दुसरी उघडली, नव्या एसएसएचने हाक मारली, आणि त्याने मला पहिल्या हाकेला आत घेतलं.

मग यादी उघडली.

दोन्ही ओळी डावीकडून सारख्याच दिसतात. त्या प्रकारच्या सगळ्याच किल्ल्या सुरुवातीला सारख्या असतात, आणि उरलेली ओळ पडद्याच्या उजव्या काठाबाहेर निघून जाते. कुठली कुणाची, ते ओळीच्या अगदी शेवटी लिहिलेलं असतं. तिथे बहुतेक लोक आपलं नाव टाकतात. काहीही लिहिलं तरी यंत्राला फरक पडत नाही, ते फक्त माणसांसाठी. चुकून माझीच ओळ उडाली असती तर किल्ल्या आत ठेवून मी वाचनालयाचंही दार ओढून घेतलं असतं, दुसऱ्यांदा. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ओळीच्या टोकापर्यंत गेले.

तिथे तुमचं नाव नव्हतं. रोमन अक्षरांत, आपल्या इंदुरी मराठीत, दोन वाक्यं होती:

टेलनेट तुम्हीच बंद केलंत. बसमध्ये खिडकी मिळाली होती.

मी उठले. गॅसवर दूध होतं, ते बघून आले. ते उतू जात नव्हतं. परत बसले आणि पुन्हा वाचलं. चार वर्षं ते तिथे होतं, आणि तिथे ते मीच ठेवलेलं होतं, माझ्या हाताने, न उघडता. तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी विचारत होतात, बघितलंत का. मी तुमचं वय मोजत होते.

खिडकी मिळाली होती. म्हणजे बसून गेलात. हे तुम्ही लिहायची गरज नव्हती. पहिलं वाक्य पुरेसं होतं. माझ्यासारख्या बाईने तर पहिलंच लिहिलं असतं, ठळक अक्षरांत. मी बस कशी होती हे विचारलं नाही, ते तुमच्या लक्षात राहिलं. डबा राहिला नाही.

एवढी वर्षं का सांगितलं नाही, हे कुमुदताई मला विचारतील, हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा. कुमुदताई, मोसंबीचा विषय मी का लांबवला ते आता कळलं असेल. त्या खुर्चीवर तुमच्या माणसाने बसायचं होतं. तुम्ही घरात घेणार असाल तर रविवारी येते, नसाल तर तेही बरोबर.

नात कॉलेजातून आली. तिला दाखवलं. ती म्हणाली, "आजी, ही लाइन राहू दे ना. त्यांच्या किल्लीने आता कोण येणारे?"

कुणी येणार नाही. पण नियम नियम आहे, आणि तो कुणाचा आहे हेही आहे. पंधरा दिवस आधीच उशीर झालेला. तुमची ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत काढली. त्याआधी खाली माझ्या ओळीच्या टोकाशी गेले, तिथलं माझं नाव पुसलं आणि त्या जागी दोन शब्द लिहिले: हो. मीच.

यादी जतन केली. आणखी एक नवी खिडकी उघडली, हाक मारली, आत गेले. आत गेल्याची खात्री केली, दोनदा.

मग जुनी बंद केली.